गांधीलमाशीसाठी बाटलीचा ट्रॅप जमतो का?

प्रश्न: दादा, जालन्याकडं आमची मोसंबीची बाग आहे, मधमाश्यांच्या 4 पेट्या ठेवल्यात, पण गांधीलमाश्या पेटीच्या दारातच टपून बसतात अन् माशी उचलून नेतात. व्हिडिओत बाटलीचा ट्रॅप बघितला, जमतो का?

उत्तर: जमतो की. 2 लिटरची बाटली वरून कापा, तो तुकडा उलटा नरसाळ्यासारखा आत बसवा अन् खाली गुळाचं पाणी, थोडी बियर, थोडं व्हिनेगर टाका. नुसता गूळ ठेवला तर तुमच्याच मधमाश्या बुडतील, आंबट वासाला त्या सहसा येत नाहीत. पाण्याच्या वर 5.5 मिलिमीटरची भोकं पाडा, बारके किडे सुटतात. तिकडं फ्रान्समध्ये 2004 ला आशियातली गांधीलमाशी सापडली, ती तिथं परकी. आपली इथलीच, सगळ्या मारू नका, पेटीचं दार बारीक करा.