हजार प्रती नकोत, आधी एक प्रूफ

नमस्कार ताई,

तुमचं पत्र नीट वाचलं. मुलगा कोल्हापुरात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे कथाखेळ खेळतो, आणि आता कॉलेज सोडून तशाच खेळांची पुस्तकं स्वतः लिहून, सजवून परदेशी संकेतस्थळावरून विकायची म्हणतो. त्याच्या बाबांचा सांगलीत ऑफसेटचा छापखाना आहे. ते म्हणतात, करायचंच असेल तर घरीच हजार प्रती छापून देतो. मुलगा म्हणतो, विकली गेल्याशिवाय एकही प्रत छापायची नाही. यावरून दोघांत बोलणं बंद झालंय. हा धंदा खरा आहे का आणि कॉलेज सोडू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

धंदा खरा आहे. कॉलेज मात्र सोडू देऊ नका. आणि छपाईच्या बाबतीत मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

या खेळात चार-पाच जण पात्रं होऊन, बोलत बोलत एक गोष्ट घडवतात. त्यात पट-सोंगट्यांपेक्षा पुस्तक महत्त्वाचं असतं. नियम, नकाशे, पात्रं, प्रसंग सगळं त्यात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत आला आणि त्याच्याभोवती छोट्या प्रकाशकांचं मोठं जाळं उभं राहिलं. त्यांची पुस्तकं विकणारं मुख्य ऑनलाइन दुकान म्हणजे ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’. ते 2004 मध्ये सुरू झालं, 2006 मध्ये ‘आरपीजीनाऊ’ या आधीच्या दुकानाशी एकत्र झालं आणि 2022 मध्ये ‘रोल20’ या ऑनलाइन खेळ खेळवणाऱ्या कंपनीबरोबर गेलं. आधी तिथे फक्त पीडीएफ मिळायच्या. पुढे छापील प्रतीही मिळू लागल्या, पण गोदामातून नव्हे. गिऱ्हाइकाने पैसे भरले की ‘लाइटनिंग सोर्स’ या छपाई कंपनीच्या डिजिटल यंत्रावर तेवढीच एक प्रत छापतात, बांधतात आणि थेट त्याच्या घरी धाडतात. या कंपनीचे छापखाने अमेरिकेत टेनेसीला आणि इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आहेत. कित्येक वर्षं दुर्मिळ झालेली जुनी खेळ-पुस्तकं याच सोयीमुळे पुन्हा कागदावर आली.

त्याच्या बाबांना यातलं गणित माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पहिल्या प्रतीलाच होऊन जातो, म्हणून हजार छापल्या की प्रत स्वस्त पडते. डिजिटलमध्ये पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास सारख्याच खर्चात निघते. म्हणजे प्रत महाग, पण गठ्ठे पडून राहण्याची भीती नाही. तुमच्या मुलाचं गिऱ्हाईक ओहायोत, लीड्समध्ये, मेलबर्नमध्ये विखुरलेलं असणार. सांगलीहून एकेक पुस्तक तिकडे पाठवायचं म्हटलं तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला गाठेल. म्हणून हजार प्रती नकोत.

पण मागणीनुसार छपाईने फक्त साठ्याचा धोका जातो, वाचक काही ती आणून देत नाही. हे मुलाला स्पष्ट सांगायला हवं. समजा पुस्तकाची किंमत 16 डॉलर आणि छपाईखर्च 6 डॉलर धरला. उरलेल्या 10 डॉलरमधून प्रकाशकाला साधारण साडेसहा ते सात मिळतात. फक्त याच दुकानात विकायचं कबूल केलं तर 70 टक्के, नाहीतर 65, असा तिथला प्रघात आहे. खपानुसार ते दुकान पुस्तकांना पदकंही देतं आणि सगळ्यात खालचं, तांब्याचं पदक मिळतं 51 प्रतींना. 51 प्रती खपणं ही तिथे मिरवण्याजोगी गोष्ट आहे, यावरून बाजाराचा आकार ओळखा. त्या सगळ्या छापील विकल्या गेल्या तरी हाती येणारी रक्कम तीस हजार रुपयांच्या आसपास, तीही कर जाण्याआधी. महिनोन्‌महिन्यांच्या लिखाणाचा आणि चित्रांचा हा मोबदला. पहिल्या पुस्तकावर घर चालत नाही. एकाच मालिकेची पाच-सहा पुस्तकं उभी राहिली की जुनी नव्यांना ओढतात.

तरीही मी त्याला थांबवणार नाही, कारण या धंद्यात टिकणारं कौशल्य त्याच्या शिक्षणात आणि तुमच्या घरात दोन्हीकडे आहे. खेळाचं पुस्तक मांडायला फार अवघड. कादंबरी सलग वाचली जाते, पण हे पुस्तक खेळ रंगात असताना, चार जण वाट बघत असताना उघडलं जातं आणि हवा तो नियम दहा सेकंदांत सापडावा लागतो. तक्ते, चौकटी, समासातल्या खुणा, सूची, नकाशे... चांगली पृष्ठमांडणी करणाऱ्याला इथे खरी किंमत आहे, आणि छोटे प्रकाशक हे काम बाहेरूनच करून घेतात. त्यामुळे स्वतःचं पुस्तक काढण्याच्या जोडीला दुसऱ्यांच्या पुस्तकांची मांडणी आणि नकाशे करणं हा त्याच्यासाठी जास्त खात्रीचा रस्ता आहे. हेच काम पुढे पाठ्यपुस्तकांत, दिवाळी अंकांत, पॅकेजिंगमध्येही चालतं. म्हणून पदवी पूर्ण करावी. छपाईचीच ओढ लागली तर पुण्यात विद्यार्थी गृहाच्या महाविद्यालयाने मुद्रण अभियांत्रिकीचं शिक्षण वर्षानुवर्षं दिलंय, आणि मुंबईत मुद्रणाचं शिक्षण देणारी शासकीय संस्था आहे. सध्या तिथे कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

छपाईची फाइल परदेशी छापखान्याकडून परत येते ती बहुतेक ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेला रंग) नसणं, रंग सीएमवायके या छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत नसणं, काळ्या भागात शाईचं प्रमाण जास्त होणं, कण्याची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी चुकणं अशा कारणांनी. या गोष्टी तुमच्या मिस्टरांच्या रोजच्या हातातल्या आहेत. पडद्यावर झकास दिसणारं पान कागदावर का काळवंडतं, हे त्यांनी मुलाला मशीनपाशी उभं करून दाखवावं. विक्री सुरू करण्याआधी लेखकाने स्वतः एक प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, मागवून बघायची असते. ती परदेशातून येणार, तिचे पैसे आणि वेळ दोन्ही जाणार. घरच्या छापखान्यात आधी डमी (नमुना प्रत) काढली तर चुका इथेच सापडतील. हजार प्रतींपेक्षा बापाची ही मदत कितीतरी मोलाची आहे.

सुरुवात लहान करावी. सोळा किंवा चोवीस पानांचा एकच साहसप्रसंग, आधी फक्त पीडीएफ. पिन बाइंडिंगला पानं चारच्या पटीत लागतात, हे मनात धरूनच मांडणी करावी, म्हणजे पुढे छपाईला अडचण नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पायाभूत नियमांचा दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला आहे. मूळ स्रोताचा ठरलेला उल्लेख करून ते नियम आपल्या पुस्तकात वापरता आणि विकता येतात. पण त्या दस्तऐवजात नसलेली पात्रं, जगं आणि खेळाच्या मालक कंपनीची बोधचिन्हं घ्यायची नाहीत. कंपनीची जगंच वापरायची असतील तर ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ हे वेगळं दुकान आहे. तिथे लेखकाला निम्मा वाटा मिळतो आणि ते लिखाण दुसरीकडे विकता येत नाही. माझं मत विचाराल तर त्याने स्वतःचं जग रचावं. सांगलीच्या मुलाला कृष्णेचे घाट, सह्याद्रीतले किल्ले, घाटवाटा जन्मापासून माहीत आहेत. असं जग ओहायोतल्या खेळाडूसाठी नवं असेल. चित्रं त्याने स्वतः काढावीत. एआयची असली तर त्या दुकानात तसं नोंदवावं लागतं.

एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेतून रॉयल्टी येते तेव्हा डब्ल्यू-8बेन हा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असं सांगणारा, करविषयक फॉर्म भरून द्यावा. तो नसेल तर 30 टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका कर-करारात रॉयल्टीसाठी दर 15 टक्के आहे, आणि तिकडे कापलेल्या कराचं श्रेय आपल्या विवरणपत्रात मागता येतं. छापखान्याचे हिशेब बघणाऱ्या सीएंना पहिली विक्री होण्याआधीच भेटा, आणि मुलाचं पॅन व बँक खातं त्याच्या स्वतःच्या नावाचं असू द्या.