स्टॉलचा इशारा आणि स्टॉलची चाहूल

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर नवख्यांसाठी मराठीत मार्गदर्शिका लिहायची आहे. पंखाला विमान उचलून धरता येईनासं होतं तो ‘स्टॉल’; त्याच्या ‘स्टॉल वॉर्निंग’ला ‘विमान बंद पडण्याची सूचना’ म्हटलं तर चालेल का? आणि स्टॉलच्या आधी विमान हादरायला लागतं, त्याला ‘कंपन’ म्हणावं की दुसरं काही?

आधी ‘बंद पडणे’ काढून टाका. बंद पडतं ते इंजिन, घड्याळ, मासिक. स्टॉलमध्ये यांत्रिक असं काहीच बंद पडत नाही. २००९ मध्ये अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात दोन्ही इंजिनं चालू होती, तरी विमान स्टॉलमध्ये गेलं ते समुद्रात पडेपर्यंत बाहेर आलं नाही. मोटारीचं इंजिन गचके देऊन थांबतं त्यालाही इंग्रजीत हाच शब्द असल्यामुळे तिथेही हा घोळ होतोच. तो आपण मराठीत मुद्दाम आयात करू नये. तुमचा वाचक ‘बंद पडण्याची सूचना’ वाचून थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी मूठ) आणि इंधनाचा काटा बघत बसेल आणि तोवर विमान झाडीत गेलेलं असेल.

काही जण ‘वेग संपणे’ म्हणतात. तेही अर्धवटच. स्टॉल ठरतो तो येणाऱ्या हवेशी पंखाचा जो कोन होतो त्यावर. साध्या पंखात हा कोन साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटी होते, भोवरे उठतात आणि उचल एकदम घटते. वेग भरपूर असतानाही हे होतं, आणि हवाई झुंजीत तर बहुतेकदा असंच होतं. उंची न सोडता ६० अंश कललेल्या वळणात विमानावर २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट, भार येतो आणि ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेग सुमारे १.४ पट होतो. ४ जीला तो थेट दुप्पट. सरळ उडताना जे विमान ताशी १३० किलोमीटरला स्टॉल होतं, ते शत्रूच्या मागे लागून करकचून वळवलं तर २६० लाच हात टेकतं. वेग संपलेला नसतो, पायलटने विमान वळवायचा दांडा जास्त ओढलेला असतो.

म्हणून माझी शिफारस अशी, की नाम म्हणून ‘स्टॉल’ तसाच ठेवा. सिम खेळणारे ‘स्टॉल झालं’, ‘स्टॉलमध्ये गेलं’ असंच बोलतात, आणि वाक्यात विमान असलं की चहाचा स्टॉल कोणाच्या मनात येत नाही. पण पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘पंखाची हवेवरची पकड सुटणे’ असं लिहा. सुटते ती हवाच, त्यामुळे ‘सुटणे’ हे क्रियापद शास्त्राच्याही जवळ जातं. ‘उत्थापनभंग’ वगैरे घडवता येईल, पण तो शब्द लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी आठवणार नाही.

आता ‘वॉर्निंग’. प्रश्नातला खरा पेच इथे आहे. मराठीत ‘सूचना’ कोरडी आहे, ती फलकावर लावतात. ‘इशारा’ कोणीतरी देतो: माणूस, हवामान खातं, यंत्र. आणि ‘चाहूल’ कोणी द्यावी लागत नाही. ती आपल्याला लागते, आणि न लागण्याचीही शक्यता असते. तुमच्या विषयाला हा फरक अगदी चपखल बसतो, कारण स्टॉल दोन्ही तऱ्हांनी कळतो.

इशारा म्हणजे उपकरणाचा. लेनर्ड ग्रीन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात असं उपकरण तयार केलं. पंखाच्या पुढच्या कडेला, जरा खालच्या बाजूला एक छोटी पाती असते. पंखाचा कोन वाढत गेला की हवा जिथे दुभंगते ती जागा पातीच्याही खाली सरकते, पाती खालून वर ढकलली जाते, विजेचं मंडल पूर्ण होतं आणि केबिनमध्ये भोंगा वाजतो. याला ‘स्टॉलचा भोंगा’ म्हणा, उगाच ‘श्राव्य इशारा प्रणाली’ नको. पुढच्या जेट विमानांत इशारे वाढले. एफ-४ फँटममध्ये हेडफोनमध्ये सूर वाजतो, शिवाय पायाखालचं रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल मोटरने हलवलं जातं. थरथर अंगाला जाणवते खरी, पण ती यंत्राने मुद्दाम केलेली आहे, म्हणून हाही इशाराच.

महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट १०९, फोके-वुल्फ १९० या विमानांत असा भोंगा नव्हता. तिथे चाहूलच घ्यावी लागते, आणि प्रत्येक विमानाची चाहूल वेगळी. स्पिटफायरच्या पंखाला मुळापासून टोकापर्यंत सुमारे २.५ अंशांचा पीळ दिलेला आहे. त्यामुळे पकड आधी मुळाशी सुटते, तिथली खवळलेली हवा मागे शेपटीवर आदळते आणि विमान थरथरू लागतं. टोकाकडचा पंख आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा) तेव्हाही काम करत असतात, म्हणून सरावलेला पायलट या थरथरीच्या काठावरच वळण धरून ठेवू शकतो. मेसरश्मिट १०९ मध्ये पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या कोन वाढला की आपोआप पुढे सरकतात. त्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उघडल्या नाहीत तर दांड्याला आडवा हिसका बसतो. आणि फोके-वुल्फ १९०? हाती लागलेलं १९० चालवून पाहणारे ब्रिटिश चाचणी वैमानिक एरिक ब्राऊन यांनी नोंदवलंय की ते जवळजवळ काहीच न कळवता स्टॉल होतं, डावा पंख इतक्या जोरात खाली जातो की विमान उलटं व्हायला येतं. तुमच्या मार्गदर्शिकेत १९० साठी ‘चाहूल न लागू देता’ एवढं लिहिलंत तरी पुरेसं आहे.

‘कंपन’बद्दल. हा शब्द चुकीचा नाही, पण त्यात एकसारखेपणा आहे. कंपन तबल्याच्या पुडीचं असतं. शेपटीवर आदळणारी हवा एकसारखी नसते. सुरुवातीला ‘थरथर’, कोन वाढला की ‘हादरे’, आणि शेवटी पंख जातो तेव्हा ‘हिसका’. हे तीन शब्द चढत्या क्रमाने वापरलेत तर किती ओढायचं हे वाचकाला शब्दावरूनच कळेल. एक पंख खाली जातो त्याला ‘विमान कलंडतं’ म्हणा. स्टॉलनंतर विमान गरगरत खाली येतं त्या स्पिनला ‘गिरकी’ म्हणायचा मोह होईल, पण गिरकी नर्तक हौसेने घेतो. इथे विमान ‘भोवऱ्यात सापडतं’.

सिम्युलेटरपुरती एक अडचण राहते. खऱ्या विमानात पहिली थरथर बुडाखाली आणि हातात जाणवते, वेग कमी असेल तर दांडा सैल पडल्यासारखा वाटतो. घरच्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते, ती कुठल्याही वेगाला तितकीच घट्ट. फोर्स फीडबॅकची, म्हणजे मोटरने हाताला जोर देणारी, जॉयस्टिक असेल तर थोडं काही हाताला कळतं, नाहीतर आयएल-२ किंवा डीसीएससारखे सिम्युलेटर खेळताना सगळी भिस्त कानावर आणि डोळ्यांवर: पत्रा खडखडल्यासारखा आवाज, पडद्यावर हलणारं कॉकपिट. त्यामुळे ‘विमान थरथरू लागल्याचं जाणवेल’ असं लिहिलंत तर वाचक हातात काहीतरी जाणवायची वाट बघत राहील. ‘खडखड ऐकू आली, चित्र हलू लागलं, की दांडा केसभर पुढे सोडा’ असं लिहा. ‘ढकला’ नको. ‘ढकला’ वाचून नवखा माणूस दांडा पार पुढे नेतो, नाक खाली जातं आणि पुढचं विमान नजरेतून निसटतं.

आणि इंजिनाचा आवाज सेटिंगमध्ये थोडा कमी करायला सांगा. तो पूर्ण चढवलेला असला की ही खडखड त्यात बुडून जाते.