विनयभंग कोणाचा?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलंय: गावात एकाने शाळकरी मुलीचा हात धरला, पोलिसांत फिर्याद झाली, आता ग्रामसभेत निषेधाचा ठराव घ्यायचाय. मसुद्यात कोणी 'मुलीवर विनयभंग झाला' लिहिलंय, कोणी 'मुलीचा विनयभंग झाला'. बरोबर काय?

'मुलीवर विनयभंग' साफ चूक. बातम्या वाचणाऱ्यांनी हे इतक्यांदा कानांत ओतलंय की आता ठरावातही उतरायला लागलं. अत्याचार कोणावर तरी होतो, हल्ला कोणावर तरी होतो. भंग कशाचा तरी होतो. 'शांततेवर भंग झाला' असं कोणी म्हणतं का? मग झालं तर.

पण खरी मेख 'विनय'मध्ये आहे. नम्रता, लाजाळूपणा हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडा. धातू 'नी', आपलं 'नेणं' त्याच घरातलं. वि + नी म्हणजे वळण लावणं, शिकवून ताब्यात आणणं. संस्कृतात शिकवून तयार केलेल्या घोड्याला 'विनीत' म्हणतात, आणि घोडा काही लाजत नसतो. कौटिल्य 'विनयमूलो दण्डः', म्हणजे दंडाचं मूळ विनयात, असं म्हणतो तेव्हा तो राजाच्या शिस्तीबद्दल बोलतोय, राणीच्या पदराबद्दल नव्हे.

आणि आता विनयपिटक, बौद्धांचा नियमग्रंथ. विदर्भात गावोगाव विहार आहेत, तिथल्या कोणाही जाणत्याला विचारा: विनय म्हणजे भिक्खूंनी पाळायची शिस्त. त्यातले संघादिसेस नावाचे १३ नियम काढा आणि दुसरा वाचा. वासनेने मन बिघडलेल्या भिक्खूने स्त्रीच्या अंगाला हात लावला, तिचा हात धरला किंवा वेणी धरली, तर तो दोषी. पालीत शब्द आहेत 'हत्थग्गाह' आणि 'वेणिग्गाह'. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया 'पोरीचा हात धरला त्यानं' म्हणतात, तोच हा हत्थग्गाह! पुढची कारवाईही बघा. दोषी भिक्खूने सहा रात्री संघापुढे खाली मान घालून राहायचं. दोष लपवला असेल तर जितके दिवस लपवला तितके दिवस आधी वेगळे भोगायचे. आणि परत घ्यायला निदान २० भिक्खूंचा संघ बसायला हवा. या सगळ्यात त्या बाईच्या चालचलणुकीची चौकशी कुठेच नाही. विनय मोडला तो त्याचा.

म्हणून माझं म्हणणं असं की 'तिचा विनयभंग' यातला 'तिचा' हाच मुळात घुसखोर आहे. 'त्याने विनयभंग केला', बस्स. यावर कायद्याच्या परिभाषेवर अधिकाराने लिहिणारे डोळे वटारतात: दंडसंहितेत (२०२४ पासून न्याय संहितेत) विनय म्हणजे लज्जाच, हिंदीत सरळ 'लज्जा भंग' आहे, तुमचं पाली तुमच्याजवळ ठेवा. ठेवतो. पण लज्जा धरून बसल्यावर काय होतं तेही ऐका. साडेसात महिन्यांच्या बाळाचं प्रकरण १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, कारण खालच्या न्यायालयांना प्रश्न पडला होता की एवढ्याशा जिवाला लज्जा कुठली आणि तिचा भंग कसला! सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो अर्थ फेटाळला, ही मेहरबानीच. आणि आपल्या देसाईगंजचं १९७२ चं प्रकरण? पोलीस ठाण्यातला बलात्कार, म्हणजे कलम वेगळं, पण नजर तीच. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने विरोध केल्याची खूण नाही, म्हणून १९७८ साली दोन्ही पोलीस सुटले. देशभर बायका रस्त्यावर आल्या तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. तपासायचं होतं पोलिसांचं वागणं, तपासलं गेलं मुलीचं. लज्जाभंगवाल्यांनी यावर एखादं टिपण लिहावं, मी आनंदाने वाचीन.

जाता जाता 'आपसात'बद्दल. 'पोरीच्या जातीचं प्रकरण आहे, आपसात करून टाका' असं चावडीवर हमखास कोणीतरी म्हणतंच. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली आणि या 'आपसात'ला सरकारी टोपी मिळाली असं काहींना वाटतं. बांधाचा वाद आपसात मिटतो. विनयभंग हा तडजोडीने मिटवायचा गुन्हा नाही, आणि त्या 'आपसा'त दोघांचे बाप, सरपंच, दोन पुढारी असतात, मुलगी नसते.

हां, मसुदा राहिलाच. बाई, व्याकरणाने 'मुलीचा विनयभंग' चालतं, फिर्यादीतही तसंच असेल, त्यात काही बिघडत नाही. पण मला विचाराल तर तो शब्दच गाळा आणि लिहा: 'अमुक तारखेला शाळेच्या रस्त्यावर एका माणसाने मुलीचा हात धरला. ही ग्रामसभा त्याचा निषेध करते आणि फिर्याद मागे घेण्यासाठी कोणीही मुलीच्या घरी जाऊ नये असे ठरवते.' मुलगी १८ च्या आतली आहे, म्हणजे २०१२ चा पॉक्सो, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा कायदा, लागतो. तिचं नाव ठरावात येऊ देऊ नका, बापाचंही नको, वस्तीचंही नको.