200 वाक्प्रचार पाठ, तरी बँड सहाच

प्रश्न : आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये 200 इंग्रजी वाक्प्रचारांची यादी मिळाली. सगळी पाठ केली, तरी स्पीकिंगला (बोलण्याच्या चाचणीत) बँड, म्हणजे गुणांची श्रेणी, 6 च मिळाली. आणखी एखादी यादी आणू का? (परिचारिका, नाशिक)

उत्तर : नको. आहे तीही कपाटात टाका. गोंधळ एका शब्दाचा आहे. बँड 7 च्या निकषात ‘इडिओमॅटिक’ शब्दसंपदा असा उल्लेख येतो आणि त्याचा अर्थ ‘इडियम्स कोंबा’ असा लावला जातो. इडिओमॅटिक म्हणजे त्या भाषेच्या वळणाचं. आपण चहा ‘टाकतो’, पैज ‘लावतो’, शपथ ‘घेतो’, तसं. सिलिंडर संपला की आपल्या तोंडी ‘गॅस इज फिनिश्ड’ येतं. तिथे ‘वुई हॅव रन आउट ऑफ गॅस’ आलं, की झालं काम. त्यात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’सारखी कुत्री-मांजरं पाडायची गरज नाही.

शिवाय स्पीकिंगच्या गुणांत शब्दसंपदेचा वाटा एक चतुर्थांश. ओघ, व्याकरण आणि उच्चार यांचे वाटेही तेवढेच. यादीतला 137 वा वाक्प्रचार आठवताना तुम्ही तीन सेकंद छताकडे बघता, तेव्हा ओघाचे गुण जातात.

रोज एक विषय घ्या. एक मिनिट मुद्दे काढा, दोन मिनिटं बोला, फोनवर रेकॉर्ड करा. परीक्षेचा दुसरा भाग असाच असतो. मग ऐकताना जिथे मराठी वाक्य इंग्रजी कपडे घालून आलंय, तिथे थांबा आणि तेवढंच दुरुस्त करून वहीत लिहा. आठवड्याला दहा वाक्यं पुष्कळ झाली, पण ती तुमच्या वॉर्डातली, तुमच्या घरातली हवीत.

प्रश्न : आजोबांच्या निधनाबद्दल बोलताना मी ‘किक्ड द बकेट’ म्हटलं. सरांनी कपाळावर हात मारला. डिक्शनरीत अर्थ ‘मरणे’ असाच आहे की!

उत्तर : ‘गचकणे’चा अर्थही मरणे असाच आहे. ‘माझे आजोबा गेल्या वर्षी गचकले’ असं तुम्ही परक्या माणसासमोर म्हणाल का? ‘पास्ड अवे’ म्हणा. डिक्शनरीत अर्थाशेजारी ‘इन्फॉर्मल’ वगैरे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते आधी वाचायचं. आणि शब्दांची अदलाबदल करायची नाही. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ऐवजी कुणी ‘उलट्या मडक्यावर पाणी’ म्हटलं तर कळतं, पण कान टवकारतात. ‘अ पीस ऑफ केक’चं (अगदी सोपं काम) ‘अ स्लाइस ऑफ केक’ केलं की अगदी तसंच होतं.

प्रश्न : निबंधात वाक्प्रचार चालतील का?

उत्तर : टास्क 2 च्या, म्हणजे लेखी परीक्षेतल्या निबंधाच्या, 250 शब्दांत शक्यतो नाहीच. तिथली भाषा औपचारिक हवी. ‘पोज अ थ्रेट’, ‘मीट द डिमांड’ अशा जोड्या वापरा. ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ने सुरुवात करायचा मोह होईल. आवरा.

प्रश्न : ‘आय पास्ड आउट इन 2021’ म्हटलं तर लंडनची मामेबहीण हसत सुटली. का?

उत्तर : तिला ऐकू आलं, ‘2021 साली मी बेशुद्ध पडले.’ ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. आणि परीक्षा तुम्ही ‘टेक’ करता; ‘गिव्ह’ करतो तो समोर बसलेला परीक्षक.