वाचक विचारतात: विमानांच्या मेळ्यात आपल्या वर्कशॉपचं काय काम?

प्रश्न (जळगाव एमआयडीसीतून एक उद्योजक): राम राम भाऊ. माझं छोटं युनिट आहे, सीएनसी टर्निंग आणि एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी कटिंगची मशीनं), पंपाचे आणि ठिबकच्या व्हॉल्व्हचे पार्ट करतो, आयएसओ ९००१ आहे. मित्र म्हणतो की एअरो इंडियात, म्हणजे बंगळुरूच्या विमान मेळ्यात, स्टॉल घे, जमलं तर पुढे पॅरिसला पण जा, विमानाच्या कामात पैसा आहे. तिथे आमच्यासारख्याला कोणी विचारतं का? स्टॉलचा खर्च करावा का?

उत्तर: भाऊ, स्टॉल यंदा घेऊ नका, पण मेळ्याला नक्की जा, आणि तयारी करून जा.

आधी तिथे कोण येतं ते सांगतो, कारण टीव्हीवर आपल्याला फक्त आकाशातल्या कसरती आणि मोठमोठ्या सह्या दिसतात. २०२३ च्या पॅरिस एअर शोमध्ये इंडिगोने एकाच वेळी ५०० एअरबस विमानांची ऑर्डर दिली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या त्या मैदानावर, किंवा इंग्लंडच्या फार्नबरोला, किंवा आपल्या बंगळुरूच्या येलहंका एअर फोर्स स्टेशनवर, विमानं बाहेर उभी असतात आणि खरा धंदा आत हॉलमध्ये चालतो. तिथे फास्टनरवाले, बेअरिंगवाले, फोर्जिंग-कास्टिंगवाले, वायर हार्नेस करणारे, कोटिंग करणारे, टेस्टिंग लॅब, कटिंग टूलवाले असे शेकडो लहान-मध्यम कंपन्यांचे स्टॉल असतात, आणि देश किंवा राज्य आपापलं पॅव्हेलियन घेऊन त्यात लहान कंपन्यांना कोपरा देतं. पॅरिस विषम साली, फार्नबरो सम साली, आणि एअरो इंडिया १९९६ पासून दोन वर्षांनी एकदा भरतो. २०२५ चा १० ते १४ फेब्रुवारीला झाला, त्यात पहिले तीन दिवस धंद्यासाठी आणि शेवटचे दोन सगळ्यांसाठी होते. तुमचं काम त्या पहिल्या तीन दिवसांत आहे. बिझनेस पास काढा, जनरल तिकिटावर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. एअरबस किंवा बोइंगच्या स्टॉलवर जाऊन व्हिजिटिंग कार्ड देणं यात तुमचा वेळ जाईल, कारण ते तुमच्याकडून थेट काही घेणार नाहीत. ते पंखाचे भाग, दरवाजा, लँडिंग गिअर असा तयार भाग टियर-१ कडून, म्हणजे पहिल्या पायरीच्या पुरवठादाराकडून घेतात, तो टियर-२ कडून सब-असेंब्ली घेतो, आणि टियर-२ सुटे मशीन केलेले पार्ट टियर-३ कडून करून घेतो. तुम्ही सुरुवात तिसऱ्या पायरीवर करणार आहात, तर तुमचा गिऱ्हाईक हा टियर-२ आहे. आणि तो बहुतेक वेळा भारतातच आहे. बंगळुरूला डायनामॅटिक, हैदराबादला टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम्स, विक्रोळीला गोदरेज, बेळगावजवळ एक्वस, ही सगळी मंडळी परदेशी कंपन्यांना पार्ट आणि असेंब्ली देतात. बेळगावचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे एका सेझमध्ये (निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रात) फोर्जिंग, मशीनिंग आणि सरफेस ट्रीटमेंट शेजारी-शेजारी आहे, त्यात फ्रान्स आणि कॅनडाच्या कंपन्यांची भागीदारी आहे, आणि हे गाव काही महानगर नाही. जळगाव, धुळ्याला पण हे जमू शकतं असं मी मनापासून म्हणतो, फक्त एकेकट्याने नाही, दहा जणांनी मिळून.

काम आहे का? आहे, आणि आता जास्त आहे. २०२४ च्या शेवटी एकट्या एअरबसकडे ८,६०० हून जास्त विमानांची ऑर्डर शिल्लक होती. कोविडमध्ये युरोप-अमेरिकेतल्या पुरवठादारांची माणसं गेली, काही शॉप बंद पडले, त्यामुळे इंजिन, सीट, फोर्जिंग-कास्टिंग सगळीकडे उशीर, म्हणून खरेदीवाले नवे हात शोधतायत. एअरबस आणि बोइंग दोघेही भारतातून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर माल घेतात.

पण भाऊ, तिथे भेटणारा खरेदीचा माणूस पहिल्या दोन मिनिटांत विचारतो, एएस ९१०० आहे का? हे आयएसओ ९००१ च्याच पायावर उभं असलेलं विमान उद्योगाचं स्टँडर्ड आहे. तुमचं आयएसओ आहे म्हणजे अर्धी वाट झाली, पण उरलेली अर्धी अवघड आहे. ट्रेसेबिलिटी, म्हणजे हा पार्ट कुठल्या बारमधून निघाला, त्या बारचा हीट नंबर (धातू ओतला त्या घाण्याचा नंबर) काय, कोणत्या मशीनवर कोणी केला, कोणत्या गेजने मोजला, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे पुढे कितीतरी वर्षांनी विचारलं तरी कागद निघाला पाहिजे, कारण विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं. सर्टिफिकेट हातात नसेल तर निदान ऑडिटची तारीख ठरलेली असावी.

आणि सॅम्पल म्हणून चकाचक पार्ट नेण्यापेक्षा फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शनचा, म्हणजे पहिल्या नगाच्या पूर्ण तपासणीचा रिपोर्ट न्या. एएस ९१०२ प्रमाणे ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्यायचा आणि त्या-त्या नंबरसमोर मोजलेला आकडा लिहायचा, शिवाय मटेरियलचा आणि प्रोसेसचा हिशोब जोडायचा. तुमच्याच व्हॉल्व्हच्या एखाद्या पार्टचा असा रिपोर्ट करा, विमानाचा नसला तरी चालेल. चमकणारे पार्ट त्याने सकाळपासून शंभर पाहिलेले असतात, रिपोर्ट बघितला की तो खुर्ची पुढे ओढतो. सोबत एक पानी माहिती: कोणती मशीन, केवढा पार्ट बसतो, ६०६१, ७०७५ अ‍ॅल्युमिनियम की स्टेनलेस की टायटॅनियम, किती टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, रोज पकडता (एकदा पकडला तो नाही, रोजचा), सीएमएम (पार्टची मापं अचूक घेणारं मशीन) आहे का, आणि महिन्याला किती तास मोकळे आहेत.

अ‍ॅनोडायझिंग, हीट ट्रीटमेंट, पेनिट्रंट टेस्टिंग, शॉट पीनिंग या स्पेशल प्रोसेस, त्यांना नॅडकॅपची (विमान उद्योगाच्या स्पेशल प्रोसेस तपासणाऱ्या कार्यक्रमाची) मान्यता लागते आणि ते स्वतः करायच्या भानगडीत आत्ता पडू नका, बंगळुरू-हैदराबादच्या मान्यता असलेल्या शॉपकडून करून घ्या आणि कोणाकडून करणार ते आधीच ठरवून ठेवा, कारण हा प्रश्न येणारच.

भेटी घरून ठरवा. प्रदर्शकांची यादी आधीच वेबसाइटवर येते, त्यातून आपल्या कामाच्या पंधरा-वीस कंपन्या काढा, मेल करा, वेळ मागा. तुलूजला एअरोमार्ट नावाचा मेळा तर पूर्ण याच पद्धतीवर चालतो, तिथे विमानं नसतात, टेबलं असतात आणि आधी ठरवलेल्या भेटी असतात. पॅरिसपेक्षा तुमच्यासारख्याला पुढे कधीतरी तो जास्त कामाचा.

पैशाचं स्पष्ट बोलतो. पहिली भेट ते पैसे मिळणारा पहिला लॉट यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात, लॉट लहान असतात, पार्ट नंबर भरपूर असतात, मटेरियल आधी घेऊन ठेवावं लागतं. ठिबकचं काम चालू ठेवा, ते तुमचं घर चालवतंय. परदेशी मेळ्याला जायचं झालं तर एमएसएमई मंत्रालयाच्या इंटरनॅशनल कोऑपरेशन योजनेतून विमानभाडं आणि जागेच्या भाड्याला मदत मिळते, पण ती संघटनेच्या शिष्टमंडळातून, म्हणून तुमच्या इंडस्ट्री असोसिएशनमध्ये हा विषय काढा. ईईपीसी, म्हणजे इंजिनिअरिंग मालाची निर्यात वाढवणारी परिषद, पण परदेशात इंजिनिअरिंगवाल्यांचं पॅव्हेलियन घेते.

प्रश्न (जळगावहूनच, चटई आणि प्लॅस्टिक मोल्डिंगवाले): आमच्या प्लॅस्टिकला विमानात जागा आहे का? सीटचे, ट्रेचे पार्ट प्लॅस्टिकचेच दिसतात.

उत्तर: जागा आहे, पण चटईच्या पॉलिप्रॉपिलिनला नाही, ते पेट घेतं. केबिनमधल्या मालाला अमेरिकेचा २५.८५३ हा नियम लागतो. भागानुसार १२ किंवा ६० सेकंद ज्योत लावून उभा नमुना जाळून बघतात, तो किती जळला, ठिबकला का, हे मोजतात, आणि मोठ्या पॅनेलला उष्णता किती बाहेर पडते त्याची वेगळी टेस्ट असते. म्हणून तिथे पीईआय, पीपीएस, खास पॉलिकार्बोनेट असला महाग माल चालतो, जो सुकवायला वेळ खातो आणि साच्याला भरपूर तापमान मागतो. तुमच्याकडे साचे करणारी चांगली माणसं आहेत हे मला माहीत आहे, आणि टूलरूम ही तुमची खरी ताकद आहे, तर सुरुवात साचा किंवा फिक्स्चर पुरवण्यापासून करा, मग मोल्डिंग. या विषयाचा वेगळा मेळा दरवर्षी हॅम्बुर्गला भरतो, एअरक्राफ्ट इंटिरिअर्स एक्स्पो. जाण्याआधी मात्र एखाद्या ग्रेडच्या प्लेट मोल्ड करून लॅबचा जळण्याचा रिपोर्ट हातात असू द्या, त्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

प्रश्न (भुसावळहून): आम्ही वडिलांपासून ऑर्डनन्स फॅक्टरीला पार्ट देतो. ती ओळख विमानवाल्यांकडे चालते का?

उत्तर: चालते, आणि तुम्ही ती कमी समजू नका. सरकारी इन्स्पेक्शन, ड्रॉइंगची गोपनीयता, रिजेक्शनचे कागद, हे सगळं तुमच्या अंगवळणी पडलंय, नव्या माणसाला ते शिकायला वर्षं जातात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, भुसावळ यंत्र इंडियात गेली आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियात, तेव्हा जुन्या ऑर्डरच्या प्रती आणि व्हेंडर रेटिंग नवीन नावाने नीट करून घ्या.

आणि भाऊ, तुमचा पहिला मेळा पॅरिसला नाही, नाशिकजवळच्या ओझरला आहे असं समजा. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) तिथला नाशिकचा कारखाना १९६४ पासून आहे, मिग-२१ आणि सुखोई-३० तिथे झाले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १-ए तिथून उडालं. एचटीटी-४० या ट्रेनर विमानाची लाइनही तिथे सुरू झाली आहे. भुसावळहून धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव असं हायवेने गेलं की वाटेतच ओझर. तिकडे गुजरातमध्ये वडोदऱ्याला टाटांचा सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा कारखाना २८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला, ५६ पैकी ४० विमानं तिथे होणार आहेत, नंदुरबारवाल्यांना सुरतमार्गे ते जवळ आहे. मेळ्यात या दोघांच्या व्हेंडर डेव्हलपमेंटच्या माणसांना भेटा, पण त्याआधी संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल उघडा. आजवर बाहेरून मागवलेले पण आता देशात करून हवे असलेले पार्ट तिथे कंपनीनुसार टाकलेले आहेत. त्यातले आपल्या मशीनवर बसतील असे चार-पाच निवडून त्यांच्या नंबरासकट भेटीला गेलात की समोरचा फक्त "कंपनी प्रोफाइल पाठवा" म्हणून कटवत नाही.

एक सावधगिरी. संरक्षणाच्या ड्रॉइंगचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन मेळ्यात कोणाला दाखवू नका, आपण काय-काय करतो हे सांगण्याच्या भरात पण नाही. माल नुसता मशीन साइजने आणि टॉलरन्सने समजावता येतो.

प्रश्न (धुळ्याहून एक ताई): मना पोऱ्याना आयटीआय व्हयेल शे, मशिनिस्ट ट्रेडमा. त्याला विमानाची फार आवड आहे. मेळ्याला नेऊ का? नोकरी लागेल का तिथे?

उत्तर: ताई, मेळ्यात नोकरी लागत नाही, पण त्याला जरूर न्या, फक्त विमानं बघून परत येऊ नका, त्याला मशीन टूलच्या आणि मोजमापाच्या स्टॉलवर दिवसभर फिरवा, तिथले इंजिनिअर मुलांना मनापासून समजावून सांगतात. नोकरीसाठी सरळ रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप, एचएएल नाशिक आयटीआयच्या मुलांना घेते, सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याचं नाव आजच नोंदवा आणि जाहिरातीवर लक्ष ठेवा. ते होईपर्यंत सीएमएम चालवायला शिकू दे, किंवा एनडीटी, म्हणजे पार्ट न फोडता आतली-वरची तडा शोधायची विद्या. विमान उद्योगात तिला एनएएस ४१० प्रमाणे वेगळी पात्रता लागते, तास भरावे लागतात, डोळ्यांची तपासणी दरवर्षी होते. कोर्सची फी भरण्याआधी त्या संस्थेला विचारा की हे शिक्षण एनएएस ४१० मध्ये मोजलं जातं का, आणि प्रॅक्टिकलचे तास लेखी देणार का. दोन्हीला हो म्हणाले तरच पैसे भरा.