ईथ-० ब्रिजमध्ये जोडल्यावर आयपी कुणाला द्यायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: लिनक्स मशीनमध्ये एकच नेटवर्क कार्ड आहे. व्हर्च्युअल मशीन बाहेरच्या नेटवर्कात थेट दिसावं म्हणून तुम्ही बीआर-० नावाचा ब्रिज केला, ईथ-० (म्हणजे ते नेटवर्क कार्ड) त्यात जोडलं आणि त्याच क्षणी होस्टचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ मशीनचं, नेटवर्क बंद पडलं. ईथ-० वर आयपी अजून दिसतोय. मग चुकलं कुठे, आणि आयपी कुणाला द्यायचा?

आयपी बीआर-० ला द्या आणि ईथ-० वरून काढून टाका. मुख्य उत्तर एवढंच, पूर्ण क्रम खाली दिलाय. पण यामागचं कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा इथेच अडकाल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. टेबलावरच्या साध्या स्विचकडे बघा. त्याच्या एकाही पोर्टाला आयपी नसतो आणि त्यावाचून त्याचं काही अडत नाही. फ्रेम (तारेवरून जाणारा माहितीचा एक तुकडा) आली की ती कोणत्या मॅक ॲड्रेसवरून (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावरून) कोणत्या पोर्टावर आली, याची तो नोंद करतो. मग ती कोणत्या मॅककडे जायची आहे ते बघून त्या पोर्टातून सोडतो. नोंद सापडली नाही तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळ्यांना पाठवतो. लिनक्सचा ब्रिज हेच करतो. ३०० सेकंदांत एखाद्या मॅककडून काहीच आलं नाही तर त्याची नोंद पुसली जाते. या सगळ्यात आयपी कुठेच येत नाही. ईथ-० ब्रिजमध्ये गेलं की तेही असंच एक पोर्ट होतं.

खरा घोळ नावाचा आहे. बीआर-० या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे तो स्विच. दुसरी म्हणजे त्या स्विचला आतून जोडलेलं होस्टचं स्वतःचं कार्ड. बीआर-० ला आयपी देता तेव्हा तो या दुसऱ्या गोष्टीला मिळतो. स्विचला त्याची गरजच नसते. मला स्वतःला हे उमगायला बराच काळ लागला, आणि उमगल्यावर ब्रिजबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटले.

म्हणून बीआर-० ला आयपी दिलाच नाही तरी व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क व्यवस्थित चालतं. फक्त होस्ट त्या नेटवर्कात नसतो. दोन कार्डं असलेल्या मशीनवर मी मुद्दाम असंच करतो: एका कार्डावर होस्टचा आयपी आणि दुसऱ्यावर बिनआयपीचा ब्रिज, म्हणजे पाहुण्या (व्हर्च्युअल) मशीनना होस्टपर्यंत सरळ वाट राहत नाही. मात्र आयपीव्ही-६ चालू असेल तर ब्रिज स्वतःहून एक लिंक-लोकल (फक्त त्याच नेटवर्कात चालणारा) ॲड्रेस घेतो. तोही नको असेल तर त्या ब्रिजवर आयपीव्ही-६ बंद करावं लागतं.

आता तुमच्याकडे काय झालं ते बघू. राउटिंग टेबल अजून म्हणतंय की गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) ईथ-० मधून जा. त्यामुळे होस्ट गेटवेच्या आयपीचा मॅक कोणता हे विचारणारी एआरपी विनंती ईथ-० वरून पाठवतो आणि ती बाहेर जातेही. गेटवेचं उत्तर त्याच तारेवरून परत येतं, पण ईथ-० आता पोर्ट असल्यामुळे कर्नल ती फ्रेम आधी ब्रिजच्या हाती देतो. होस्टपर्यंत ती पोचलीच तर बीआर-० वर आलेली म्हणून पोचते. ईथ-० च्या नावाने केलेली चौकशी तशीच अर्धवट राहते. टीसीपीडम्प (येणाऱ्या-जाणाऱ्या फ्रेम दाखवणारं साधन) ईथ-० वर लावलात तर उत्तर येताना स्पष्ट दिसेल, आणि शेजाऱ्यांच्या टेबलात (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, या नोंदींत) मात्र गेटवेची नोंद अपूर्ण किंवा अयशस्वी दाखवेल. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी केबल बदलण्यात एक अख्खी दुपार घालवली होती. तारेत काहीच बिघाड नव्हता.

दुरुस्तीचा क्रम: ईथ-० वरचे सगळे आयपी काढा, तोच आयपी त्याच सबनेट मास्कसह बीआर-० ला द्या, दोन्ही इंटरफेस अप करा आणि डिफॉल्ट रूट बीआर-० मधून नव्याने घाला. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप आयपी घेण्याची पद्धत) वापरत असाल तर त्याचा क्लायंट बीआर-० वर चालवा, ईथ-० वरचा बंद करा. दूरच्या मशीनवर एसएसएचमधून हे एकेक आज्ञा देत करू नका, पहिल्याच पायरीला तुमचं कनेक्शन तुटेल. नेटप्लॅन (उबुंटूतलं नेटवर्क मांडणीचं साधन) असेल तर त्याची ‘ट्राय’ आज्ञा वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ती जुनी मांडणी परत आणते; मात्र मांडणीत ब्रिजचे खास पॅरामीटर लिहिले असतील तर ते तिला परत फिरवता येत नाहीत.

डीएचसीपीवाल्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ब्रिजला मॅक ठरवून दिला नसेल तर तो आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक उचलतो. पुढे त्याहून लहान मॅकचं पोर्ट आत आलं की ब्रिजचा मॅक बदलतो, आणि राउटर त्याला नवं मशीन समजून वेगळा आयपी देऊ शकतो. ईथ-० चाच मॅक बीआर-० ला कायमचा लिहून द्या. दुसरं म्हणजे, स्पॅनिंग ट्री (नेटवर्कातले लूप शोधून तोडणारी पद्धत) चालू असेल तर नवं पोर्ट मूळ सेटिंगमध्ये पहिले ३० सेकंद फ्रेम पुढे पाठवत नाही. तेवढ्यात डीएचसीपी क्लायंट हार मानू शकतो. एकच कार्ड असेल आणि लूप होण्याची शक्यता नसेल तर स्पॅनिंग ट्री बंद ठेवून हा विलंब शून्य करा.

दोन कार्डं एकाच ब्रिजमध्ये घालून दोन्ही तारा एकाच स्विचला लावायच्या असतील तर मात्र स्पॅनिंग ट्री बंद करू नका. इथरनेट फ्रेमला आयपी पॅकेटसारखी आयुष्याची मर्यादा नसते. लूपमध्ये शिरलेली एक ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहते आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क झोपतं.

पुढे कधी ईथ-० ऐवजी वायफाय कार्ड जोडून बघावंसं वाटलं तर ही पद्धत तिथे चालणार नाही. साध्या क्लायंट मोडमध्ये ॲक्सेस पॉइंट फक्त जोडणी केलेल्या मॅककडूनच फ्रेम स्वीकारतो, आणि पाहुण्या मशीनचा मॅक त्याला माहीतच नसतो. चार ॲड्रेसची फ्रेम वापरणारा मोड दोन्ही बाजूंना असेल तरच ब्रिज होतो. नसेल तर राउटिंग किंवा नॅट (पाहुण्यांची वाहतूक होस्टच्याच आयपीने बाहेर पाठवणं) करा.

आयपी हलवूनही व्हर्च्युअल मशीनला बाहेर जाता येत नसेल आणि त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असेल, तर फायरवॉलची फॉरवर्ड साखळी (मशीनमधून पुढे जाणाऱ्या वाहतुकीचे नियम) तपासा. डॉकर तिचं धोरण ‘ड्रॉप’ (टाकून द्या) करू शकतो, आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड झालेलं असेल तर ब्रिजवरून जाणाऱ्या फ्रेमनाही तोच नियम लागतो.