आधी कमान की आधी फरशी? पशुवैद्यक महाविद्यालयांच्या परिसर सुधारणेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका पशुवैद्यक महाविद्यालयात अध्यापक असून परिसर सुधारणा समितीचा सदस्य आहे. समितीपुढे आलेल्या आराखड्यात प्रवेशद्वाराची कमान, सभागृह, प्रशासकीय इमारतीचे नूतनीकरण आणि अंतर्गत रस्ते यांना अग्रक्रम आहे, तर चिकित्सालयाच्या वाट्याला रंगरंगोटी आणि नव्या गुळगुळीत टाइल्स आल्या आहेत. भिंतींना तडे गेल्यामुळे जुने चिकित्सालय पुढे पाडावे, असेही काही सदस्यांचे मत आहे. कामांचा क्रम कसा ठरवावा?

उत्तर : हा आराखडा काही काळ बाजूला ठेवून समितीने एका आजारी म्हशीची वाट कागदावर काढावी, असे मी सुचवेन. ती पिकअपमधून येते, तिथपासून बरी होऊन परत जाते किंवा शवविच्छेदनगृहात पोहोचते, तिथपर्यंतचा प्रत्येक टप्पा त्यात यावा. पिकअपचा हौदा जमिनीपासून जवळजवळ कंबरेइतका उंच असतो आणि उतरवण्यासाठी धक्का (हौद्याच्या उंचीचा ओटा) किंवा उतार नसेल, तर पाय दुखावलेल्या जनावरालाही उडी मारायला लावले जाते. आवारात ज्या जागी असे घडते, तेच तुमचे पहिले काम आहे आणि त्याला सभागृहाच्या मानाने फारच थोडा पैसा लागतो. धक्क्यालगतच मोठ्या जनावरांचा वजनकाटा बसवावा, कारण भुलीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि नजरअंदाजाने धरलेले वजन चुकते. याच वाटेवर आजारी जनावर महाविद्यालयाच्या स्वतःच्या दुभत्या कळपाची वाट कुठे ओलांडते, विद्यार्थ्यांची जा-ये शेणमुताच्या नालीवरून कुठे होते आणि मेलेले जनावर ताटकळत बसलेल्या पशुपालकांच्या समोरून कुठून ओढत नेले जाते, हे लाल शाईने दाखवावे. या खुणा जिथे पडतील, तिथे निधी आधी जायला हवा.

गुळगुळीत टाइल्स मात्र रद्दच करून घ्याव्यात. ओल्या टाइलवर म्हशीचे मागचे पाय फाकले की मांडीचे स्नायू फाटतात, प्रसंगी खुब्याचा सांधाही निखळतो, आणि तपासणीसाठी चालत आलेले जनावर तिथेच बसते ते उठतच नाही. मोठ्या जनावरांच्या वावराच्या जागी खाचा पाडलेला कोबा करावा. खाचा फार धारदार ठेवू नयेत, कारण खरखरीत जमिनीवर खूर झिजतात. खोड्यापुढे (तपासणीसाठी जनावर अडकवून उभे करण्याच्या चौकटीपुढे) आणि खोड्यात रबरी चटई अंथरावी. नालीकडे साधारण ४० ते ६० फुटांमागे १ फूट एवढा उतार असला की पाणी वाहून जाते आणि जनावराला उभे राहायलाही त्रास होत नाही. नाली उघडी, उथळ आणि तळाशी गोलाकार असावी, म्हणजे खराट्याने ती साफ होते. शेण, कडबा आणि केस अडवणारे चेंबर मुख्य वाहिनीला जोडण्याआधीच हवे, अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात सगळे तुंबते आणि वसतिगृहापर्यंत वास जातो.

शस्त्रक्रियागृहाबाबत एक गोष्ट आत्ताच ठरवावी लागेल. पाचशे किलोंची म्हैस किंवा खिलार बैल भूल दिल्यावर टेबलावर माणसांनी उचलून ठेवता येत नाही. त्यासाठी छताखाली तुळई, तिच्यावर सरकणारा उचलयंत्राचा गाडा आणि शेजारी मऊ अस्तराच्या भिंतींची खोली लागते, कारण भुलीतून उठताना जनावर धडपडते आणि भिंतीवर आपटते. तो भार पेलण्याची तजवीज बांधकामाच्या संकल्पनातच करायची असते. प्रशासकीय मान्यता मिळाली, तांत्रिक मान्यता झाली, निविदा निघाली आणि मग शस्त्रक्रिया विभागाला तुळईची आठवण झाली, तर सुधारित अंदाजपत्रकाचा फेरा मागे लागतो. तो फेरा ज्यांनी एकदा अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

चिकित्सालय पाडण्यापूर्वी माती परीक्षण करून घ्यावे. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या हालचालीने पायाजवळ तडे जातात आणि इमारत खचली असे वाटू लागते. पुष्कळदा मूळ कारण फुटलेली जलवाहिनी किंवा जोत्यालगत साचणारे पन्हळीचे पाणी हे असते. ते बंद करून इमारतीभोवती पाणी न मुरू देणारा पट्टा केला, तर तडे वाढायचे थांबतात की नाही, हे एक पूर्ण वर्ष पाहता येते. हा निर्णय अर्थातच संरचना अभियंत्याच्या लेखी अहवालावरच घ्यावा. तोवर उंच छताचे, रुंद ओसरीचे जुने चिकित्सालय घाईने पाडू नये, कारण तशी हवा खेळती ठेवणारी रचना आजच्या नकाशांत सहसा दिसत नाही.

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या किमान मानक विनियमांत चिकित्सालय संकुल आणि पशुधन प्रक्षेत्र हे शिक्षणाचेच भाग मानलेले आहेत, त्यामुळे हा आग्रह वैयक्तिक आवडीचा नाही, हे समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेही जनावरांच्या रुग्णालयाच्या आश्रयानेच. आणखी एक सूचना अशी की समितीत व्रणोपचारक (जखमांची मलमपट्टी करणारे कर्मचारी) आणि परिचर यांना बसवावे. कोणते दार उघडल्यावर बैल बुजतो आणि कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

प्रश्न : माझा दुधाचा व्यवसाय आहे. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत गाय घेऊन एका पशुवैद्यकीय रुग्णालयात गेलो, तेव्हा गाठी आलेली आणि साधी लंगडणारी जनावरे एकाच पटांगणात बांधलेली होती. रात्री आम्ही गव्हाणीजवळच झोपलो. नव्या आराखड्यांत पशुपालकांचा विचार होतो का? (अहिल्यानगर जिल्ह्यातील एक पशुपालक)

उत्तर : व्हायला हवा, पण सहसा कोणी मागत नाही म्हणून होत नाही. लम्पी प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, म्हणजे नुसती भिंत घालून विलगीकरण होत नाही. तिथे बारीक जाळी, कोरडी जमीन, रोजच्या रोज शेण उचलण्याची सोय आणि इतर गोठ्यांपासून अंतर लागते. हा कक्ष वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा असे पुस्तकात म्हटलेले असते, परंतु महाराष्ट्रात पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि हिवाळ्यात दिशा बदलते, म्हणून दिशेपेक्षा अंतरावर अधिक विसंबावे, असे माझे मत आहे. विलगीकरणाला स्वतंत्र फाटक, स्वतंत्र बादल्या आणि स्वतंत्र गमबूट हवेत. पाय बुडवण्याची जंतुनाशकाची टाकी छताखाली असावी, कारण उघड्या टाकीत पावसाचे पाणी मिसळून द्रावण पातळ होते. आणि तिच्याआधी बूट धुण्याचा नळ असावा, कारण शेणाने भरलेल्या बुटांवर जंतुनाशकाचा फारसा परिणाम होत नाही. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरासाठी, आत न जाता जाळीतून पाहता येईल अशी बंद खोलीही हवी.

पशुपालकांसाठी पत्र्याची एक ओवरी, शौचालये, पिण्याच्या पाण्याचा नळ, भाकरी गरम करण्यापुरती जागा आणि वैरण ठेवायला कोरडा कट्टा एवढे पुरेसे असते. म्हैस चार दिवस दाखल असेल, तर घरचे एक माणूस चार दिवस तिच्यापाशी राहते, ही गोष्ट गृहीत धरून नकाशा काढला पाहिजे. कुक्कुटपालकांचा मार्गही वेगळा असावा. मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून थेट केसपेपरच्या खिडकीवर आणल्या जातात आणि ती पिशवी तिथेच उघडली जाते. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली, हे लक्षात घेता अशा पिशव्यांसाठी शवविच्छेदनगृहाच्या बाहेरच्या बाजूने स्वतंत्र खिडकी ठेवणे अजिबात अवाजवी नाही. महाविद्यालय आराखड्यावर चर्चा ठेवत असेल, तर आपण लेखी सूचना जरूर द्यावी, आणि दूध संघामार्फत दिल्यास अधिक बरे.

प्रश्न : शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात अवयव टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मेलीनने डोळे चुरचुरतात. छतालगत दोन पंखे बसवून मिळाले, तरी फरक पडला नाही. (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी)

उत्तर : वाफ टेबलावरच्या अवयवातून निघते आणि आपण त्यावर वाकलेल्या असता. छतालगतचा पंखा ती वाफ आपल्या नाकाडोळ्यांवरून वर ओढतो, त्यामुळे त्रास कमी न होता कधी वाढतोही. हवा टेबलाच्या उंचीवर किंवा त्याखाली खेचली जावी आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यावी, अशी योजना करावी लागते. फक्त बाहेर फेकणारे पंखे बसवून आत येणारी वाट बंद ठेवली, तर काहीच हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मेलीनमधल्या फॉर्मल्डिहाइडचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला आहे, हे विनंती अर्जात स्पष्टपणे लिहावे. दाराजवळ डोळे धुण्याचा नळ आणि मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र खोलीही त्याच अर्जात मागावी, कारण बऱ्याच जुन्या इमारती मुली जवळजवळ नसतानाच्या काळात बांधलेल्या आहेत.

प्रश्न : परिसर सुशोभीकरणात दुभाजकांवर आणि कुंपणालगत कण्हेर लावण्याचे ठरले आहे. ती कमी पाण्यावर जगते. योग्य आहे का?

उत्तर : अन्यत्र असेल, पशुवैद्यक महाविद्यालयात नाही. कण्हेरीत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि ते वाळलेल्या पानांतही टिकते. उभ्या झाडाला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण छाटणीचा पाला गवताच्या भाऱ्यात मिसळून गव्हाणीत पडला, की थोडी पानेही गाईचा जीव घेण्यास पुरतात. घाणेरीने यकृताला इजा होते, त्यामुळे कुंपणाला तीही नको. गोठ्यांच्या पश्चिमेला कडुनिंब आणि करंज लावून दुपारचे ऊन अडवावे; वड, पिंपळ काळ्या मातीवरील इमारतींपासून लांब ठेवावेत, कारण मुळे ओल शोषतात आणि पायाखालची जमीन आकसते. उद्यान ठेकेदाराची यादी मंजूर करण्यापूर्वी ती आपल्याच औषधशास्त्र व विषशास्त्र विभागाकडून तपासून घ्यावी.